उलटा पीळ

अरापिराकाच्या बाजारात दर सोमवारी
काठीवर गुंडाळलेला तंबाखूचा दोर घेऊन बसतो मी:
काळा, चिकट, काकवीच्या वासाचा.
दोना ओतिलिया येते. भाव विचारत नाही.
डोळे मिटून अंगठा फिरवते दोरावर
आणि थांबते
जिथे पीळ उलटा आहे.

डावखुरा वळणारा इथे एकच, जुवेन्सियो.
तिचा सख्खा भाऊ.
अकरा वर्षं झाली, एका बकरीवरून
(बकरीही गेली केव्हाच)
दोघं बोलत नाहीत.

"वीतभर काप," म्हणते.
मी कापतो, चार बोटं जास्तच.
"खोकतो हल्ली," मी सुरीला सांगतो.
ती सुटे पैसे मोजते. पुन्हा मोजते.

मग माझ्याच पालाच्या सावलीला टेकून
चकत्या करते, नखाएवढ्या पातळ,
तळहातांत चोळते, मोकळ्या करते,
मातीच्या पाइपात भरते, फार न दाबता,
शेजारणीच्या शेगडीतला निखारा
चिमट्यानं उचलून वर ठेवते.
विझतो.
पुन्हा निखारा. पुन्हा विझतो.
"ओलाच वळतो मेला!
आईनं शंभरदा सांगितलं होतं."
आणि ओढत राहते, गाल आत जाईपर्यंत,
ऊन उतरेपर्यंत.

शनिवारी माल आणायला गेलो की
तो हात पुसत विचारतो, "खपला?"
एवढंच.
मागच्या खेपेला म्हणालो,
खपला. ओला होता म्हणे.
"कोण म्हणे?" त्यानं विचारलं नाही.

आजचा दोर बघा,
दोन दिवस जास्त वाळवलाय.
पीळ मात्र तोच.