एकाच गिअरवर

हसुराम मढवी शर्यत बघायचे
फोन उजव्या हातात धरून.
डावा हात मांडीशेजारी, मूठ अर्धी मिटलेली,
तिथे गिअरचा दांडा नव्हता
तरी होता.

बेलापूरच्या टपरीवर मी त्यांना दाखवत गेलो एकेक.
जर्मनीतल्या जंगलातली ती,
छेचाळीस वर्षांचा माणूस, चाकं बदलताना पाऊण मिनिट हरवलेलं,
मग फेरीमागून फेरी स्वतःचाच विक्रम मोडत
पुढच्या दोन पोरांना गाठणारा.
हसुरामकाका म्हणाले, "प्रवासी किती होते?"
एकही नाही.
"मग काय."

इंग्लंडातली पावसातली दाखवली,
एका फेरीत पाचवरून पहिला.
"वायपर नाय त्याला?" एवढंच विचारलं,
आणि खारी बुडवली चहात.

मग ती लावली. ब्राझील, त्याच्या जन्मगावची.
शेवटच्या फेऱ्यांत गिअरबॉक्स सोडून चाललेला,
उरला फक्त सहावा.
वळणावरही सहावा. चढावरही सहावा. वर भुरभुर.
काकांची मूठ घट्ट झाली.
खारीचा तुकडा तळाशी गेला, त्यांनी पाहिला नाही.
जिंकल्यावर त्याला गाडीतून उचलून काढलं,
चषक धरवेना, खांदे आखडलेले,
तेव्हा त्यांनी फोन पालथा ठेवला.

"उरणवरून शेवटची गाडी माझी.
सेल्फ मेलेला, धक्का मारून चालू केलेली.
गव्हाणफाट्याला क्लच गेला.
तिसऱ्यात होती, तिसऱ्यातच ऱ्हायली.
थांबली की संपली.
आत तेवीस माणसं. धक्का मारायला कोण,
दोन पोरं, बाकी बाया नि म्हातारे."

त्या रात्री म्हणे सिग्नल लांबूनच वाचायचा,
लाल दिसला की अर्धा किलोमीटर आधीपासून रांगायचं,
हिरवा होईस्तोवर गाडीला गोड बोलायचं.
किल्ल्याच्या चौकात एक टेम्पो आडवा.
काकांनी हॉर्नवर कोपर ठेवलं
आणि फुटपाथची कड घासत निघाले.
कंडक्टर दारात उभा: "उतरा, पळत उतरा, गाडीच्या तोंडाकडे बघून!"
नेरूळला सहा, पुढे चार,
पिकलेल्या चिंचा गळाव्यात तशी माणसं.

उरली पदीबाई. सुकटीची पाटी, गुडघे गेलेले.
जुईनगरला उतरायची.
ती काय पळणार.
जुईनगर आलं. जुईनगर गेलं.
पदीबाई पाटी पकडून ओरडत होती.
काका आरशातून नाही, समोर बघत होते:
सानपाड्याचा पूल.
चढला, माथा ओलांडला,
आणि उतारावर ब्रेक मारला. इंजिन मेलं.
अंधारात फक्त पाटीचा वास.
कंडक्टरने तिला हाताला धरून खाली उतरवलं,
पाटी डोक्यावर दिली.
काकांनी ब्रेक सोडला.
गाडी आपल्याच वजनाने घरंगळली,
तिसरा गिअर पकडला, खोकली, जागी झाली.

मागून पदीबाईचा आवाज:
"मेल्या, गारी जवल थांबवाला काय झाला तुला?"
दीड किलोमीटर मागे चालायचं होतं तिला.
काका हसले सांगताना. मग नाही हसले.
"कंडक्टरला सोडायला हवं होतं तिच्यासंगं.
सुचलंच नाय."

घरी हिरूबाईने तांब्या पुढे केला
तो हातातून सुटला.
एकेक बोट तिने उघडलं डाव्या हाताचं,
अंगठा शेवटी.

आगाराने नोटीस काढली.
गाडी तेवीस मिनिटं उशिरा, डाव्या बाजूचा पत्रा घासलेला,
कारण लिहावे, असे छापलेले, खाली सात रिकाम्या ओळी.
काकांनी एक शब्द लिहिला.
क्लच.

सहा ओळी तशाच राहिल्या.

मी फोन उचलला, शर्यत अजून चालू होती,
कुणीतरी शँपेन उडवत होतं.
"मागे घे," काका म्हणाले,
"तो वळतो कसा, ते दाखव परत."