माशी

प्लात्सी काडुफ म्हणायचा, डोळा गेला माझा.
तीनशे मीटरवर काळ्या वर्तुळाच्या
डावीकडे, दरवेळी थोडं डावीकडे.
मंडळाची वर्गणी भरायचा, कॉफी प्यायचा,
घरी येऊन पितळी हातोडीनं
रायफलीची माशी केसभर सरकवायचा.
तीही डावीकडेच,
कारण माशीला चुकीच्या मागे जावं लागतं.

तो गेल्यावर रायफल मेंजाकडे आली.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पावाचा चुरा झटकून,
तिनं दहा फ्रँकची नोट
नळी आणि लाकडाच्या मधे घातली.
चार बोटं गेली. अडली.

अक्रोडाचं लाकूड.
दरीतलं धुकं चाळीस हिवाळे पिऊन
उजव्या अंगानं नळीला रेललेलं.
फार नाही.
नोटेच्या जाडीइतकं.

रात्रभर पॉलिशपेपर, मांडीवर तांबूस भुसा.
पहाटे नोट आरपार गेली,
दाराखालून पत्र जावं तशी.

रविवारी पाच गोळ्या,
बशीखाली झाकता येतील इतक्या जवळजवळ,
आणि सगळ्या उजवीकडे.
बापानं हातोडी घेऊन घालवलेल्या
संध्याकाळींइतक्या उजवीकडे.

"माशी हलव," शेजारच्या चटईवरून लुत्सी बोलला.
हातोडी खिशात होती.
माशीच्या बुडाशी, पोलादावर,
एक जुनी रेघ होती, पहिल्या जागेची.
मेंजानं अंगठ्यानं ती चाचपली.

"आज नको," म्हणाली,
आणि सहावी गोळी
डावीकडे धरून झाडली.