एका तासाची नळी

वडगावच्या दवाखान्यात माझं टेबल मागच्या खिडकीशी.
खिडकीपलीकडं सिद्दाप्पाचे चार माग.
खटखट थांबली की समजायचं, लाईट गेली.

इंदुमती बुचडी, वय एकेचाळीस, वजन छत्तीस.
नाव मी कन्नडात लिहितो, हाक मराठीत मारतो,
दोन्हींना तिचं एकच उत्तर : खोकला.

पदर तोंडाशी दोनदा गुंडाळून तिनं दंड पुढं केला.
शीर सापडेना.
"तुटलेला दोरा मी डोळं मिटून जोडते," म्हणाली,
"तुला दिसत असून घावंना."

रक्त नळीत ओढलं, नळी उभी केली.
आता तासभर कुणी काही करायचं नाही.
हीच तपासणी :
रक्ताला एकटं सोडायचं
आणि बघायचं, ते किती घाईनं खाली बसतं.

ती घरी गेली नाही. स्टूल ओढून नळीसमोर बसली.
मी सांगत राहिलो, सांगायला कुणी नसतं म्हणून :
बऱ्या माणसाच्या रक्तपेशी अंतर राखून सावकाश उतरतात.
अंगात दाह असला की एकमेकींना चिकटतात,
नाण्यांच्या चवडीसारख्या,
आणि जड होऊन बुडतात.
"म्हंजे दुखण्यात एकी जास्त?"
मला काही सुचलं नाही.

सीआरपी वेगळं, म्हटलं. ते यकृत बनवतं,
छातीतल्या भांडणाची खबर तिथवर पोचली की.
खबर नेणाऱ्यांचीही नावं आहेत, लांबलचक;
त्यांची मोजदाद आमच्याकडं होत नाही.
आणि अक्का, सगळं जंतूंनीच जाळलेलं नसतं.
त्यांना घेरायला धावलेले तुझेच लोक,
त्यांच्या हातूनही फुप्फुस फुटतं.

"हां," ती म्हणाली, "दीर आन् मालक भांडले की असंच.
भांडी माझी."

वर पिवळसर पाणी, खाली लाल.
मधली रेघ हलताना दिसत नाही, हललेली दिसते.
एकशे अठरा.

दोन महिन्यांनी चौऱ्याहत्तर. वजन एकोणचाळीस.
थुंकीत जंतू नाहीत.
चौथ्या महिन्यात तिनं कागद मागितला :
"आकडा मोठा लिही. दोन्ही लिपीत."
सिद्दाप्पा तिच्या कांड्या घेत नव्हता.
खोकल्याच्या घरात भरलेल्या दोऱ्याची साडी
कोण नेसणार, म्हणाला होता.
मी लिहिलं : एकतीस. खाली सही, वर शिक्का.
त्यानं कागद उलटा धरून बघितला म्हणे,
आणि एकतीस रुपये कसले, विचारलं.

आज ती चिठ्ठीशिवाय आली.
गोळ्या संपल्यात, डॉक्टरांनी तपासणी सांगितलेली नाही.
"तरी एकदा लाव."
लावली. स्टूल ओढून बसली, पदर आता खांद्यावर.
अर्ध्या तासात लाईट गेली, माग बंद पडले.
पंखा थांबला, फ्रीज थांबला,
नळीला विजेचं काही नसतं.
आम्ही दोघं त्या शांततेत रेघेकडं बघत होतो.

चौदा.
रजिस्टरात कुठल्या रकान्यात भरू, मी विचार करतोय,
तेवढ्यात लाईट आली आणि पलीकडं चारही माग उठले.

तिनं मान तिरकी केली.
"तिसरा," म्हणाली. "त्याचा धोटा लंगडतोय.
आठ दिवसांत दोरा कापाय लागंल.
सांगतोस त्याला?"

मी खिडकीशी जाऊन कान दिला.
मला चारही सारखेच.