नळीमागच्या रेघा

धडगावच्या दवाखान्यात माझं टेबल खिडकीशी.
नळीत औषधाचं पाणी, पाण्यात बोटातला एक थेंब,
नळीमागे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर काळ्या रेघा.
रेघा दिसल्या तर घरी जा.
पाणी गढुळलं, रेघा बुडाल्या, तर बस जरा.
अकरा वर्षं मी एवढंच वाचतो आहे.

जात्री पावराला एकदा दुर्बिणीत डोकावू दिलं.
म्हटलं, गोल दिसतात त्या बऱ्या पेशी,
वाकड्या त्या विळ्यासारख्या.
ज्वारी कापून बोटांना चरे पडलेली ती पोर
बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिली.
विळ्याला मूठ असते, दादा.
याला धरायचं कुठं?

मी काच पुसायला घेतली.

तिचा भाऊ वेस्ता. त्याचं कार्ड पूर्ण पिवळं.
पौषात तोरणमाळावरून वारं उतरलं
की त्याच्या मांड्यांत कुणीतरी पाचर ठोकत बसतं.
डॉक्टर लिहून देतात : गोळी रोज एक, पाणी भरपूर.
पाणी दोन टेकड्या खाली आहे.

पुस्तक सांगतं, हिवतापानं पाडे ओस पडायचे
तेव्हा रक्तात जरासा वाक असलेले तगले.
ताप ओसरला. वाक राहिला.
माझी आई अमळनेरची, रक्ताला रगत म्हणते,
आणि बीट खाल्लं की ते बदलतं असं मानते.

फाल्गुनात जात्री एकटीच आली.
ओढणीच्या गाठीतून दोन कार्डं काढली.
तिचं अर्धं पिवळं, अर्धं पांढरं.
दुसरं मांडवीच्या एका मुलाचं, तसंच.
पिवळ्याला पिवळं लावून टेबलावर ठेवली,
मधली चीर दिसेना.

म्हटलं, चारातलं एक.
ती हसली. मग तीनच होऊ देऊ.

तसं नसतं गं.
तिच्याच पिशवीतले मक्याचे दाणे मागितले,
तीन पांढरे, एक पिवळा,
कापसाच्या रिकाम्या डब्यात टाकले.
न बघता काढ. बघ. परत टाक. हलव.
दर वेळी चारही आत असतात.

पहिला पांढरा.
दुसराही पांढरा.
तिसरा तिनं काढला
आणि मूठ उघडलीच नाही.

बाहेर मोलगीच्या जीपनं हॉर्न दिला.
कार्डं पुन्हा गाठीत गेली, दाणा मुठीतच.

डब्यात आता तीन आहेत.
डोकावलं तर कळेल, कुठला गेला.
मी त्यावर रेघांचा पुठ्ठा ठेवला
आणि पुढच्या माणसाचं बोट हातात घेतलं.