पट्टीवर चार वाजलेत

सावद्याच्या केळी ग्रुपसाठी
मी नऊ चित्रं काढली.
घड, काटा, ट्रक, हमाली, भाव,
उचल, वही, छपाई, जतन.
एकेक चित्र नखाएवढं,
तरी काट्याच्या पितळेला मी चमक दिली,
ट्रकच्या काचेत ढग,
वहीच्या लाल कापडाला तर शिवणसुद्धा.
तीन रात्री गेल्या. हौसच होती.

पितांबर भोळ्यांनी खुर्ची ओढली.
वीस वर्षं वॅगनी भरल्या, आता एन्ट्री करतात.
चिकानं काळं पडलेलं बोट पडद्यावर टेकवून म्हणाले,
"काय व माय, ह्या काट्याची सावली इकडे पडेल आहे
आन ट्रकची तिकडे.
तुह्या गावात दोन सूर्य उगवता का?"

मी पाहिलं.
ट्रक एका जुन्या कामातून उचललेला,
वही दुसऱ्या.
एकेकटी सगळी खरी होती.
ओळीत उभी केली
तर एकाची सकाळ, शेजारच्याची तिन्हीसांज,
आणि छपाईयंत्राला सावलीच नाही,
भुतासारखं.

"आन हे पिवळं?"
केळी, म्हटलं.
"पिवळं म्हणजे माल गेला.
इथून पिवळं निघालं
तर दिल्लीवाला फोन उचलत नाही.
हिरवं कर."

हिरवं केलं.
सोळा बाय सोळात हिरवा घड
पोपट दिसू लागला.
फण्या एकमेकींत विरघळल्या,
पितळेची चमक म्हणजे माशीनं घाण केलेला ठिपका,
ट्रकच्या काचेतला ढग म्हणजे फुटकी काच.
रूपाली फेगडे मागून जाता जाता म्हणाली,
"भेंडी पण घेता का आता?"

मग खोडायला बसले.
खोडायला काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.
मध्येच उठून बाहेर गेले,
हमाल घड खांद्यावर घेऊन फळीवर चढत होते.
डोळे बारीक केले.
फण्या गेल्या, केळी गेली, माणूसही जवळजवळ गेला.
उरला दांड्याचा बाक
आणि त्याखाली हिरवी, जड अशी तीन वळणं.
तेवढंच आत आणलं.

सूर्य कुठे ठेवायचा ते खिडकीनं सांगितलं.
उजेड वरून, डावीकडून यावा
असा आमच्या धंद्यात रिवाज आहे,
कोणी पाडला कुणास ठाऊक.
पण ह्या खिडकीसमोर सातपुडा,
म्हणजे डावा हात पश्चिमेला,
म्हणजे डावीकडचा उजेड म्हणजे दुपारचे चार.
कापणी आटोपलेली,
ट्रक फाळके पाडून उभे.

नऊही चित्रांत चार वाजवले.
छपाईयंत्रालासुद्धा सावली दिली,
एक पिक्सेल, राखी.

जतनच्या चौकोनी चकतीवर ते थांबले.
ती चकती त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.
"हे लोखंडी कपाट बरं काढेल आहे," म्हणाले,
"कुलपासकट."
मी काही बोलले नाही.
चकतीचा पत्रा घासून
कुलूप जरा ठळक केलं.

राहिला काटा.
सुई शून्यावर, केसाइतकीही न हलता.
ते बराच वेळ बघत बसले.
"सुई अशी उभी मी कव्हा पाह्यली नाही.
रिकाम्या काट्याची बी जराशी कलेल राह्यते."
कोणीकडे, मी विचारलं.
ते हसले नाहीत.
चहा सांगायला उठले.

बत्तीसच्या चित्रात मी सुई
एक पिक्सेल कलवली आहे.
सोळात ती मावत नाही.
तिथे सगळं सरळ दिसतं.