पान एकशे बारा

एका शुक्रवाराआड ती येते,
हडर्सफील्ड स्टेशनच्या पायऱ्या उतरत, पाठीवर सॅक,
आणि रविवारी जाताना
सोफ्याच्या फटीत एखादी कादंबरी विसरते.
विसरते की ठेवते, विचारलं नाही.

सगळ्या तसल्याच.
बाप पितो, किंवा पळालाय, किंवा तुरुंगात,
आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली,
आणि पंधरा वर्षांचं कुणीतरी
धाकट्याला कोरडे कॉर्नफ्लेक्स वाढतंय.

मी वाचतो. सोमवारी रात्री, आमटी गरम होईपर्यंत,
मग ती पुन्हा गार होईपर्यंत.
खरं सांगतो, आधी हायसं वाटतं:
मी पीत नाही. हात कधी उगारला नाही.
पोटगी एक तारखेला जाते.
दर पानागणिक मी त्या बापापेक्षा बोटभर उंच.

मग पेन्सिलची एक रेघ सापडली.
मारामारीचं पान कोरं.
पोलीस दार ठोठावतात तेही कोरं.
पान एकशे बारा, साधंच वाक्य:
‘काय खाशील, त्याने विचारलं,
पाहुण्याला विचारतात तसं.’

लायब्ररीचं पुस्तक. रेघ कुणाचीही असेल.
खोडरबर शोधला,
सापडल्यावर परत ठेवून दिला.

या शुक्रवारी विचारलं नाही.
खिचडी टाकली. बुडाशी लागली थोडी.
शाल्मलीने झाकण उचललं, नाक मुरडलं,
वरच्या फळीवरून लोणच्याची बरणी काढली
आणि म्हणाली,
“खालचं करपलेलं तू घे.”