हात हलला तरी

एकोणसाठ पौंडांचा कॅमेरा.
साबणाच्या वडीएवढा, आणि तेवढाच निसरडा.
ग्रिम्सबीतल्या फ्रीमन स्ट्रीटवर, काउंटरपलीकडचा पोरगा
त्याचे गुण सांगत होता
जसे स्थळ आणणारे मुलाचे सांगतात:
चौदा मेगापिक्सेल, पाचपट झूम,
साध्या दोन पेन्सिल सेलवर चालतो, मागणी काही नाही,
हसरा चेहरा दिसला की फोटो आपला आपण काढतो,
आणि हात हलला तरी चित्र हलत नाही.
खोट काय ते सांग, मी म्हटलं.
तर म्हणाला, अंधारात जरा रवाळ येतं.
रवाळ म्हटल्यावर मला तूप आठवलं,
आणि मी पैसे मोजले.

रात्रपाळीला माहितीपुस्तक वाचलं.
पहाटे तीनला सगळा वृद्धाश्रम एका लयीत घोरत असतो.
कॅमेऱ्यानं विचारलं: घर कुठलं? प्रवास कुठला?
घराच्या रकान्यात लंडन आधीच बसलेलं,
न विचारता.
यादीत मिरज नव्हतं. असणार कुठून.
प्रवासात मी दिल्ली टाकली,
जिथे मी आजवर कधी उतरलेले नाही.

अकरा नंबरच्या खोलीत विल्फ ब्रॉकल्सबी.
चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर, आइसलँडपर्यंत.
बोट कधीच भंगारात गेली,
पण त्याच्या हातांत इंजिन अजून चालू आहे,
मांडीवर ठेवले तरी थरथरतात,
चहाचा कप बशीवर वाजत राहतो.
चेहऱ्याला मात्र आजारानं इस्त्री केली आहे:
राग, थट्टा, कंटाळा,
सगळं एकाच घडीत.

मी हास्याचं बटण लावलं आणि थांबले.
कॅमेराही थांबला.
"हसा की."
"हसतोय ना, पॅम."
(बिल्ल्यावर प्रमिला आहे. त्याच्या तोंडी पॅम.)
पिवळी चौकट त्याच्या तोंडावरून फिरली,
सरकली, मागच्या भिंतीवर गेली
आणि कॅलेंडरातल्या बाईवर जाऊन बसली.
क्लिक.
हॅडॉक विकणारी बाई, बत्तीस दात.
कॅमेऱ्याला काय दोष देऊ?
मलाही दोन वर्षांत
हा माणूस हसतो हे कळलं नव्हतं.

मग खिडकी. मग डॉक टॉवर.
पाचपट झूमला विटा मोजता येतात,
त्यापुढे रेटत नेलं तर
टॉवरचे चौकोन होतात, चौकोनांचा लगदा.
विल्फ पडद्यात डोकावून म्हणाला,
"बस कर. हे आता बघणं नव्हे, अंदाज आहे.
धुक्यात आम्ही असंच करायचो,
आणि दोनदा खडकावर गेलो."

तेवढ्यात सेल संपले.
मी हॉलमधल्या टीव्हीच्या रिमोटमधले काढून आणले.
ऑलिव्हबाईंच्या नशिबी तासभर
बागकामाचा कार्यक्रम.

"दे इकडे," तो म्हणाला.
दोरी मनगटात अडकवून दिली,
तरी माझा जीव वर-खाली.
हातात कॅमेरा असा उडत होता
की भिंग मला शोधत होतं, चुकवत होतं,
पडदा, मी, पलंग, मी, छत.
बोट बटणापर्यंत पोचायलाच
अख्खा कार्यक्रम संपत आला असेल.

फोटोत डोकं नाही.
गळ्याखालची मी: निळा झगा, दोन पेनं,
खिशातून बाहेर आलेला हातमोज्याचा अंगठा,
छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ.
घड्याळ इतकं लख्ख
की सेकंदकाटासुद्धा दिसतो.
चार वाजून वीस मिनिटं, आणि वर सात सेकंद.
कुठेही थरथर नाही.

पोरगा खोटं बोलला नव्हता.

विल्फनं फोटो बराच वेळ पाहिला.
"हसली होतीस का?"
"हसत होते ना," मी म्हटलं.

मग सेल काढले,
आणि हॉलमध्ये जाऊन रिमोटला परत केले.